किलिमांजारो: पाच दिवसांचं मरांगू की आठ दिवसांचं लेमोशो? (आणि इतर शंका)

पायवाट

राम राम मंडळी,

सिंहगडावर भजी खाताना ठरलेले बेत सहसा उतरून आतकरवाडीच्या पार्किंगपर्यंतही टिकत नाहीत. हा टिकलाय. आम्ही चौघं किलिमांजारोला जायचं म्हणतोय, आणि पासपोर्ट शोधून काढण्यापर्यंत मजल गेली आहे. तेव्हा जाऊन आलेल्यांनी लिहावंच, पण न जाता भरपूर वाचलेल्यांनीही लिहावं. दोन्ही प्रकारच्या लोकांचा इथे तुटवडा नाही.

आत्तापर्यंत कळलेलं असं. डोंगर टांझानियात, केनियाच्या सीमेजवळ. उंची ५८९५ मीटर. दोर, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले काटे) वगैरे काही लागत नाही, चालत जाता येतं. परवानाधारक गाईडशिवाय वर सोडत नाहीत, म्हणजे कुठली तरी कंपनी घ्यावीच लागणार. वाटा बऱ्याच आहेत. आमचा कल मरांगूकडे, कारण तिथे तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत बंक मिळतात, पाच दिवसांत आटपतं आणि स्वस्त पडतं. रजेचं गणितही त्यातच बसतं.

मंडळी: दोघं पस्तिशीतले, मी बेचाळीस, आणि आमचे एक काका, वय वर्षं बासष्ट, जे आम्हा तिघांच्या आधी सिंहगडाच्या पुणे दरवाज्यात पोचलेले असतात. सगळ्यांनी हिमालयातला सारपास केलाय. के२एस (कात्रज ते सिंहगड) तर दर पावसाळ्यानंतर असतोच.

तर, मरांगू ठीक का? कधी जावं? खर्च किती धरावा? आणि काकांना न्यावं का, हा प्रश्न मी त्यांच्या अपरोक्ष विचारतोय, कृपया समजून घ्या.

कल्याण_स्लो

बेताचं कौतुक आधी करतो आणि मग त्यावर पाणी ओततो. पाच दिवसांचं मरांगू घेऊ नका.

कागदावर मांडून बघा. मरांगू गेट साधारण १८७० मीटरवर. पहिली रात्र मंदारा, २७२०. दुसरी होरोंबो, ३७२०. तिसरी किबो, सुमारे ४७००. तिला रात्र म्हणायचं एवढंच, कारण अकरा-बाराला उठवून वर काढतात. म्हणजे फाटकातून आत शिरल्यापासून चौथ्या सकाळी तुम्ही ५८९५ वर उभं असणं अपेक्षित आहे. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा ढोबळ नियम सांगतात. इथे लागोपाठ दोनदा हजार-हजारची उडी आहे.

सारपासचं म्हणाल तर ४२०० ला तुम्ही पोचता, फोटो काढता आणि बर्फावरून घसरत खाली येता. तिथे झोपत नाही. फरक त्यातच आहे.

सहा दिवसांचं मरांगू घेतलं तर होरोंबोला एक जास्तीची रात्र मिळते, ते त्यातल्या त्यात बरं. पण माझं मत विचाराल तर लेमोशो, आठ दिवस. पश्चिमेकडून सुरुवात. पहिली रात्र जंगलात सुमारे २८०० वर, मग शिरा पठारावर ३५०० आणि ३८५० च्या आसपास एकेक रात्र. चौथ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढवतात, तिथे जेवण, आणि झोपायला बारांकोला ३९५० वर उतरवतात. संध्याकाळी चिडचिड होते, की दिवसभर चाललो आणि सकाळच्याच उंचीवर येऊन पडलो. त्या दिवसाचे पैसे शेवटच्या रात्री वसूल होतात. पुढे बारांको वॉल नावाचा कडा चढून कारांगा, ४००० च्या आसपास, मग बराफू सुमारे ४६५०, तिथून शिखर.

मी माचामेने गेलो होतो, लाव्हा टॉवरपासून पुढची वाट तीच. माचामे सात दिवसांत होतं, गर्दी मात्र जास्त.

उंटावरचा_शहाणा

आठ दिवस? चालत जायच्या डोंगराला? आमच्या ओळखीतला एक जण पाच दिवसांत मरांगू करून आला आणि सहाव्या दिवशी झांझिबारच्या बीचवर फोटो टाकत होता. माणूस फिट असला की झालं. इथले लोक उगाच घाबरवतात.

शिवाय एवढे डॉलर घालवून आफ्रिकेत जायचं कशाला, आपला हिमालय काय कमी आहे?

स्टेथो

शहाणेसाहेब, 'फिट असला की झालं' हे वाक्य ओपीडीत फार ऐकतो, म्हणून लिहितो.

विरळ हवेची सवय आणि फिटनेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमसास चांगला असला की चढताना धाप कमी लागते, पण डोकेदुखी, मळमळ, मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज हे सगळं मॅरेथॉन पळणाऱ्यालाही होतं. किंबहुना तरुण, तगडे गडी जोरात चढतात आणि लक्षणं लपवतात, त्यामुळे त्यांचीच जास्त काळजी वाटते. ५८९५ ला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीराला त्याच्याशी जुळवून घ्यायला दिवस लागतात, आणि ते दिवस पुण्यात आगाऊ भरून ठेवता येत नाहीत. सिंहगडाची उंची जेमतेम तेराशे मीटर, सवयीच्या हिशेबात ती शून्य धरा. पायांसाठी सिंहगड उत्तम, फुप्फुसांसाठी नाही.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, गरगर किंवा अतिथकवा आहे, तर तो उंचीचा त्रास, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्याच उंचीवर थांबा. कमी होत नसेल तर उतरा. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालता येत नसेल, माणूस असंबद्ध बोलायला लागला असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर पहाटेची वाट बघत बसायचं नाही, त्याच क्षणी खाली. औषधं असतात, ऑक्सिजन असतो, पण ते उतरायला वेळ मिळावा म्हणून. इलाज म्हणजे उतरणं.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारणारच आहात, म्हणून आधीच. प्रतिबंधक म्हणून सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा-कोला पाणचट लागतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. इथेच एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, पहिला अनुभव तंबूत नको. आणि ही गोळी घेतली म्हणजे पाच दिवसांत चढायचा परवाना मिळाला असं नव्हे.

निवृत्तीनाथ

नमस्कार. ज्या काकांच्या अपरोक्ष चर्चा चालू आहे तो मीच. या धाग्याची लिंक मला तिघांनी वेगवेगळी पाठवली.

अरे पायवाट, वय जाहीर केलंस ते केलंस, पण माझी बीपीची गोळी चालू आहे हे लिहायला विसरलास. डॉक्टर, गोळी रोज सकाळी एक, आकडे ताब्यात आहेत. गुडघे ठणठणीत. जावं का?

पायवाट

काका, तुम्ही सकाळी हवामान सोडून नेटवर काही बघत नाही असा माझा समज होता. 🙏

स्टेथो

काका, वयाची वरची मर्यादा तिथे नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना शिखरापर्यंत जाऊ देत नाहीत, एवढाच वयाचा नियम. पण धाग्यावर 'जा' असं मी लिहिणार नाही. तुमच्या हृदयतज्ज्ञांना भेटा, कुठे जातोय ते उंचीसकट सांगा आणि ट्रेडमिल टेस्टचा विषय काढा. गोळीचं नाव त्यांना विचारून लिहून घ्या. त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर डायमॉक्सही त्याच स्वभावाचं, दोन्ही मिळून शरीर कोरडं पडू शकतं. बीटा ब्लॉकर असेल तर चढावर नाडी हवी तितकी वाढत नाही, दम लवकर लागतो. दोन्हींवर तोडगे आहेत, फक्त ते निघायच्या दोन-तीन महिने आधी ठरवावेत, विमानतळावर नाही.

आणखी एक. पीतज्वराची लस. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर लसीचं पिवळं कार्ड मागू शकतात, परत येताना आपल्याकडेही विचारतात. कार्ड नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे तुमच्यापुरता विचार करायचा तर आखाती देशांतून थेट किलिमांजारो विमानतळावर उतरणारं विमान बघा. तिकीट काढायच्या आधी हे ठरवा, कारण लोक तिकीट काढून मग लसीचं विचारतात.

नैरोबीकर

इथे बसून दर सुट्टीत कोणी ना कोणी मराठी माणूस 'वर' जाताना बघतो, त्यामुळे थोडं खर्चाबद्दल. (आधी एक खुलासा: ट्रेकच्या कागदांवर 'मोशी' दिसलं की घाबरू नका, भोसरीच्या पुढची नव्हे. किलिमांजारोच्या पायथ्याचं गाव.)

पार्कचं शुल्क दिवसावर असतं. गेली काही वर्षं चाललेले दर असे: माणशी रोज ७० डॉलर, तंबूसाठी रात्रीला ५०, झोपडीसाठी रात्रीला ६०, बचाव शुल्क एकदाच २०, आणि या सगळ्यावर १८ टक्के व्हॅट. दर बदलत असतात, कोट घेताना ताजे आकडे मागा. पण याच दरांनी हिशेब केला तर पाच दिवसांच्या मरांगूचे साधारण ७२० डॉलर होतात आणि आठ दिवसांच्या लेमोशोचे साधारण ११००. हे पैसे कंपनीच्या खिशात जात नाहीत, फाटकावर जातात.

आता याचा उपयोग बघा. कोणी तुम्हाला आठ दिवसांचं लेमोशो चौदाशे डॉलरला देत असेल, तर उरलेल्या तीनशेत तुमचं आठ दिवसांचं खाणं, गाडी, गाईड, स्वयंपाकी आणि माणशी तीनेक पोर्टर कसे बसवले हे त्याला विचारा. बसवलेले नसतात. ते पोर्टरच्या पोटातून काढलेले असतात. दोन हजारांच्या खाली चांगली सोय मिळणं अवघड आहे असं धरून चाला, दोन ते अडीच हजार हा व्यवहारी आकडा. वर टिप. ती तिथे ऐच्छिक नाही, पगाराचाच भाग समजतात. आठ दिवसांसाठी माणशी दोनशे ते तीनशे डॉलर बाजूला ठेवा, सुट्ट्या आणि कोऱ्या नोटा. जुन्या, फाटक्या नोटा कोणी घेत नाही.

पोर्टरने वीस किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही असा नियम आहे आणि फाटकावर वजनकाटा असतो. त्यात त्याचं स्वतःचं सामानही आलं, म्हणून तुमची बॅग पंधरा किलोच्या आत. मागे एका ओळखीच्या ग्रुपने स्वस्तातली कंपनी घेतली (नाव घेत नाही). यांना तिन्ही त्रिकाळ सूप-पॉपकॉर्न आणि पोर्टरना दिवसातून एकदा उगाली (मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा). शिराच्या थंडीत एकाच्या पायात फाटके कॅनव्हासचे बूट होते, यांनी स्वतःचे मोजे काढून दिले. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून एक संस्था आहे, पोर्टरना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ती ठेवते. कंपनी निवडताना आधी ती यादी उघडा, मग रेटिंग वाचा.

हिमालय की आफ्रिका यावर वाद घालत नाही. ज्याला जायचंय तो जाईल.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे शेवटी पैशाचा खेळ. लेमोशो म्हणजे कंपनीला तीन दिवस जास्तीचे.

कल्याण_स्लो

खेळ पैशाचाच आहे, ते कबूल. फक्त पैसे कुठे घालायचे एवढं आपल्या हातात असतं. आमच्यातल्या एकाने जाण्याआधी जॅकेट, बूट, कार्बनच्या काठ्या, डोक्याचा दिवा असं सगळं भारीतलं घेतलं आणि रजा वाचवायला छोटी वाट निवडली. बराफूच्या वर तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या. गाईडने परत फिरवलं, बरोबरच केलं. जॅकेट अजून नवंकोरं आहे. भारी सामान मोशीत भाड्याने मिळतं हो. जास्तीचा दिवस भाड्याने मिळत नाही.

झुळूक

मी सहा दिवसांच्या मरांगूने शिखरावर पोचले आहे, त्यामुळे त्या वाटेला इतकंही वाईट म्हणू नका. पावसात झोपडी म्हणजे सुख. ज्यांना तंबूत झोपच लागत नाही त्यांनी ती नक्की बघावी, सहा दिवसच घ्यावेत. होरोंबोच्या जास्तीच्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत नेऊन आणतात, त्याचा फायदा मला स्वतःला जाणवला. उलट बाजू: चढणं-उतरणं एकाच वाटेने, आणि किबो हटमध्ये रात्री कोणी ना कोणी ओकत असतं, झोप विसरा.

आता जे कोणी सांगत नाही ते.

शिखराची रात्र उणे दहा ते उणे वीस धरा. पाणी पिशवीतून नळीने पिणार असाल तर ती नळी पहिल्या तासातच गोठते. रुंद तोंडाची बाटली घ्या, गरम पाणी भरा, लोकरी मोज्यात घाला आणि उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. फोन आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी. आणि हातमोजे दोन थरांचे, कारण झिप उघडायला आतले पातळ लागतात.

बायकांसाठी: पाळी त्या दिवसांत आलीच तर तंबूतल्या पोर्टेबल टॉयलेटचे पैसे भरल्याचं समाधान होतं. ते वेगळं आकारतात, पण घ्याच. कचरा सगळा खाली आणायचा, त्यासाठी अपारदर्शक डबा न्या. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. उंचीवर रक्त दाट होतं, अशा गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलणंच बरं.

खाऊ: टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. थेपले, शेंगदाण्याचे लाडू, गूळपोळी जे काही नेणार ते स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात. एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही डोंगरावर चालत नाहीत. शाकाहारी आहात हे आधी लेखी कळवा. मग सूप, भात, भाज्या, शेंगा आणि चपाती मिळते. हो, चपाती तिथे त्याच नावाने मिळते, जाडसर आणि तेलात भाजलेली, आपल्या पराठ्याच्या जवळची. चौथ्या दिवसानंतर भूक मरते, तेव्हा घरचं लोणचं कामाला येतं. लिंबाचं घ्या, कैरीच्या लोणच्याचं तेल बॅगभर होतं.

निवृत्तीनाथ

झुळूकताई, लोणच्याची नोंद केली. माझ्यासारख्याने किती वेगाने चालावं हेही कोणी सांगा. हे तिघं गडावर पळतात आणि मग बसतात.

झुळूक

काका, तिथे तुमचीच चाल चालते. गाईड दिवसातून शंभरदा 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. शिखराच्या रात्री एक पाऊल, एक श्वास. गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने चढायचं, धाप लागली की वेग चुकलाच समजा. त्या तिघांना तुमच्या मागे ठेवा.

कल्याण_स्लो

+१. आणि सरावाबद्दल. सगळे चढण्याचा सराव करतात, उतरण्याचा कोणी करत नाही. लेमोशो-माचामेच्या शिखराच्या दिवसाचा हिशेब असा: बराफूहून सुमारे १२५० मीटर चढ. बारीतून कळसूबाई जेवढी चढता त्याच्या साधारण दीडपट, तेही रात्री आणि निम्म्या हवेत. मग शिखराहून त्याच दिवशी म्वेका कॅम्पपर्यंत, म्हणजे ३१०० पर्यंत, जवळपास २८०० मीटर उतार. रात्रभर झोप नाही आणि वरचा टप्पा सगळा भुसभुशीत मुरूम. आमच्यातल्या दोघांची पायाच्या अंगठ्यांची नखं त्या उतारात काळी पडली. कारण बूट नेमक्या मापाचे होते. अर्धा नंबर मोठे घ्या, नखं आदल्या दिवशी कापा.

सराव म्हणून सिंहगड पाठीवर सात-आठ किलो घेऊन चढा, आणि उतरताना गाडीने येऊ नका. लागोपाठ शनिवार आणि रविवार. थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायची सवय लागते, खरी परीक्षा तीच आहे. एका दमात किती मिनिटांत चढलो याला तिथे कोणी विचारत नाही.

अवांतर: गाईड सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावतात. एकमेकांचे आकडे बघून दहावीच्या निकालासारखी तुलना सुरू होते. ती करू नका. आकडा थोडा कमी असून माणूस ठणठणीत असतो आणि चांगला आकडा असलेल्याचं डोकं ठणकत असतं. काय होतंय ते गाईडला खरं सांगा, एवढंच.

पायवाट

मंडळी, धाग्याने आमच्या बेताची पार उलटापालट केली आहे, आभारी आहे. काल चौघांची बैठक झाली. पाच दिवसांचं मरांगू बाद. लेमोशो आठ दिवस यावर तिघांचं एकमत. चौथ्याला एवढी रजा मिळत नाही म्हणून तो गळाला. त्याला सहा दिवसांच्या मरांगूचा पर्याय दिला होता, पण एकट्याने दुसऱ्या वाटेने जाण्यात त्याला मजा वाटत नाही. त्यापेक्षा तो पुढच्या उन्हाळ्यात हिमालयात जाईल. शहाणेसाहेब, तुमचा एक माणूस झाला.

आता प्रश्न कधी जायचं. मला नवरात्र झाल्यावर जावंसं वाटतंय, म्हणजे पावसाळाभर सराव होईल. त्यात काकांनी कोजागिरीची टूम काढली आहे, शिखराच्या रात्री पौर्णिमा हवी, बराफूला मसाला दूध आटवू म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीही डोळ्यांसमोर आहे.

नैरोबीकर

कोरडे महिने दोन टप्प्यांत: जानेवारी ते मार्चची सुरुवात, आणि जून ते ऑक्टोबर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस, नोव्हेंबर ते डिसेंबरची सुरुवात छोटा पाऊस. कोजागिरी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येत असेल तर उत्तम. महिनाअखेरीस येत असेल तर छोटा पाऊस कधी लवकरही टपकतो, ती जोखीम समजून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत तुलनेने गर्दी कमी, वर बर्फ भेटायची शक्यता जास्त.

पौर्णिमेचा फायदा खरा आहे, डोक्यावरचा दिवा न लावता चालता येतं. पण ही कल्पना जगातल्या सगळ्यांनाच सुचते, त्यामुळे त्या रात्री बराफूला जत्रा असते. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीचं शिखर ठेवू नका, चंद्र पहाटेआधीच मावळतो. नंतरचं ठेवा, मध्यरात्री निघालात की डोक्यावर असतो.

मसाला दुधाबद्दल: बराफूला पाणीच नाही. शेवटचं पाणी कारांगाच्या दरीत. तिथून पुढचा प्रत्येक थेंब पोर्टर पाठीवरून वर आणतात. काकांनी दूध आटवण्याचा कार्यक्रम शिरा पठारावर उरकावा.

स्टेथो

आणि मसाल्यात जायफळ घालू नका. झोपेच्या कुठल्याही वस्तूला वर जागा नाही. (जायफळ गमतीने म्हटलं, झोपेच्या गोळ्या आणि दारू गमतीने नाही.)

विम्याचं कोणीच लिहिलं नाही. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते, बऱ्याचदा तीन-चार हजारांवर कव्हर संपतं. सहा हजार मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं, दोन्ही पॉलिसीत लिहून आहे का ते शब्दशः वाचा. काकांची बीपीची गोळी अर्जात जाहीर करा, नाहीतर नेमका त्याच मुद्द्यावर दावा फेटाळतात. हेलिकॉप्टर ढगांत येत नाही हेही माहीत असू द्या. मग उरते ती एका चाकाची स्ट्रेचर, सहा-आठ जण धरून धावत खाली नेतात. ती कशी दडदडते ते एकदा व्हिडिओवर बघा म्हणजे लक्षणं लपवावीशी वाटणार नाहीत.

उंटावरचा_शहाणा

मान्य, स्ट्रेचरचा व्हिडिओ बघितला. आठ दिवस जा बाबांनो.

पण एक विचारतो, खोचकपणे नाही. एवढं करून उंचीची सवय अजून चांगली करायची असेल तर काही आहे का? आमचाही एक ग्रुप हल्ली कुजबुजतोय.

कल्याण_स्लो

आहे. अरुशाजवळ माउंट मेरू, साडेचार हजार मीटरच्या थोडा वर. तीन-चार दिवसांत होतो, वाटेत झोपड्या आहेत, आणि खालच्या जंगलात रानम्हशी-जिराफ असल्याने बंदूकधारी रेंजर सोबत चालतो. तो करून दोन दिवस विश्रांती घेऊन किलिमांजारोला गेलात तर शरीर तयार झालेलं असतं. रजा आणि पैसे दोन्ही असतील तर याहून चांगली तयारी नाही. नसतील तर आठ दिवसांचं लेमोशो पुरे.

निवृत्तीनाथ

अहवाल. ट्रेडमिल टेस्ट व्यवस्थित. डॉक्टरांनी गोळी बदलली, नवी गोळी तीन महिने बघू म्हणाले, त्यानंतर हो की नाही ते सांगणार. तोवर मी तिकिटाचे पैसे भरणार नाही, पण या दोघांनी माझ्यासाठी थांबू नये, जागा धरून ठेवावी. डॉक्टर नाही म्हणाले तर मी मोशीपर्यंत येईन आणि खाली बसून राहीन. पीतज्वराची लस टाळायची म्हणून विमान दोहामार्गेच बघा.

पायवाट

काका, खाली बसून राहायला तुम्हाला कोण नेतंय! तीन महिने थांबू, तोवर कोट मागवतो.

तीन कंपन्यांना मेल टाकलेत. विचारलंय ते असं: शुल्क आणि व्हॅट धरून किंमत किती, पोर्टरना रोज किती देता आणि दिवसातून किती वेळा जेवण, गाईडकडे ऑक्सिजन आणि ऑक्सिमीटर असतो का, एकाला उतरावं लागलं तर बाकीच्यांसोबत कोण राहतं. अजून काही सुटलंय का?

नैरोबीकर

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, बहुतेक लोक तोच विसरतात. तिघांमागे किमान दोन गाईड असल्याचं लेखी घ्या. शिखराच्या रात्री एक जण परतला की त्याच्यासोबत एक गाईड खाली जातो, आणि दुसरा नसेल तर बाकीच्या धडधाकटांनाही उतरावं लागतं.

'परत फिरायचा अंतिम निर्णय कोणाचा' हेही विचारा. 'तुमचा' असं उत्तर आलं तर ती कंपनी सोडा.

पायवाट

विचारलं. एकीचं उत्तर आलं: 'ग्राहकाची इच्छा'. यादीतून काढली. बाकी दोघींची वाट बघतोय, आकडे आले की इथेच टाकतो. दरम्यान शनिवार-रविवार दोन्ही दिवस पहाटे साडेपाच, आतकरवाडी, पाठीवर वजन घेऊन. पुण्यातल्या कोणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उतरताना जीप मिळणार नाही.